व्ही-क्रॉस २.५ – रिमॅपनंतर चढावर रेल प्रेशर पडतंय. मोठा पंप-नोझल टाकू का आधी अजून काही बघू?

वाईचा_जावई

नमस्कार मंडळी. गाडी इसुझू व्ही-क्रॉस २.५ डिझेल पिकअप, मॅन्युअल, बीएस ४ वाली, रनिंग ९४ हजार. कंपनीचा आकडा १३४ घोडे आणि ३२० एनएम, आणि तशी असताना गाडीने मला एक दिवस त्रास दिला नाही हे आधीच सांगतो. खाज मलाच होती. दीड वर्षापूर्वी मोठ्या व्हीलचा हायब्रिड टर्बो (इंजिनात हवा दाबणारा), जाड इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) आणि वर रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) असं सगळं करून घेतलं. ज्याने केलं त्याचं नाव नको, पण १८५ घोडे झालेत म्हणाला आणि डायनोचा (पॉवर मोजायच्या मशीनचा) कागद "उद्या व्हॉट्सअ‍ॅप करतो" म्हणाला, तो उद्या अजून उजाडलेला नाही.

सपाटीला गाडी भन्नाट आहे. प्रॉब्लेम चढाला. मागच्या महिन्यात वाईला सासुरवाडीला चाललो होतो, मागे हौद्यात सासऱ्यांसाठी घेतलेली हजार लिटरची रिकामी पाण्याची टाकी उभी बांधलेली, म्हणजे वारा पण अडवतीय, आणि खंबाटकीला चौथ्यात ३००० च्या वर पूर्ण पाय दिला की दोन-तीन सेकंद मस्त ओढते आणि मग एकदम कुणीतरी शेपटी धरल्यासारखी थांबते, इंजिनचा दिवा, लिंप मोड (इंजिन स्वतःच ताकद कमी करतं), साठच्या वर जाईना. बाजूला घेऊन बंद-चालू केली की परत शहाण्यासारखी. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा एसटी ओव्हरटेक करून गेली आणि सासरे फक्त "हं" म्हणाले.

कोड पी००८७, रेल प्रेशर कमी (रेल म्हणजे ज्या नळीत पंप डिझेल दाबून ठेवतो आणि तिथून नोझल, म्हणजे इंजेक्टर, ते सिलिंडरमध्ये फवारतात). गॅरेजवाला म्हणतो सिस्टीमच अपुरी पडतीय, मोठे नोझल, स्ट्रोकर पंप (जास्त डिझेल देणारा हाय प्रेशर पंप), लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा), सगळा सेट मिळून २ लाख ८० हजार. टार्गेट माझं २०० घोडे, त्याच्या वर काही नको. खरंच सगळं एकदम लागतं का? आणि नसेल लागत तर सुरुवात कुठून करू?

पाषाण_पिस्टन

२ लाख ८० हजारात एक जुनी सुमो येईल, ती चढाला पुढे बांध.

कॅलिब्रेशनवाला

वरच्याकडे लक्ष देऊ नका. मी चाकणला इंजिन कॅलिब्रेशनमध्येच आहे (तुमच्या गाडीच्या कंपनीत नाही), आधी हिशोब मांडू, कारण निम्मे लोक हिशोब न करताच किट घेतात.

डिझेल इंजिन पूर्ण लोडला एका किलोवॅट-तासाला साधारण २३० ग्रॅम डिझेल पितं असं धरा. १३४ घोडे म्हणजे ९८-९९ किलोवॅट, तर तासाला २७ लिटरच्या आसपास. २०० घोडे म्हणजे १४७ किलोवॅट, तासाला ४१ लिटर. आता चार सिलिंडर, ३६०० आरपीएम, दर दोन फेऱ्यांत प्रत्येक नोझल एकदा मारतो, म्हणजे तासाला ४ लाख ३२ हजार इंजेक्शन. भागाकार केला की स्टॉकला एका इंजेक्शनला ६३ घनमिलिमीटर आणि २०० ला ९४-९५. म्हणजे दीडपट, पाचपट नव्हे.

वेळ किती मिळतो? ३६०० ला क्रँक एक डिग्री फिरायला ४६ मायक्रोसेकंद. २५ डिग्रीत सगळं मारायचं तर १.१६ मिलिसेकंद. तेवढ्यात ९५ घनमिलिमीटर स्टॉक नोझलच्या भोकातून तेव्हाच जातं जेव्हा रेल प्रेशर टिकून असतं. प्रेशर पडलं की रिमॅपवाला वेळ वाढवतो, मग डिझेल उशिरा जळतं, धूर, एक्झॉस्ट तापतो, आणि मेंदू (इंजिनचा कॉम्प्युटर) बिचारा शेवटी लिंपमध्ये टाकतो. तुमचं तेच होतंय. म्हणून प्रश्न "नोझल लहान आहे का" हा नाहीच, प्रश्न "प्रेशर कुठे हरवतंय" हा आहे.

नुसतं डिझेल वाढवून पण भागत नाही. ९५ घनमिलिमीटर म्हणजे ७८-७९ मिलिग्रॅम, धूर नको असेल तर त्याच्या १८ पट तरी हवा पाहिजे, ६२५ सीसीच्या सिलिंडरमध्ये ती बसवायला मॅनिफोल्डला (सिलिंडरच्या आधीच्या हवेच्या नळीत) २.३ बार अ‍ॅब्सोल्यूट (बाहेरच्या हवेचा दाब धरून) लागेल, आणि पुणे समुद्रापासून ५६० मीटर वर असल्यामुळे बाहेर मुळातच ०.९५ बार आहे. तुमचा टर्बो ते देतोय का ते पण नंतर वेगळ्या लॉगमध्ये बघा.

आता रेल प्रेशरचा लॉग काढा (चालत्या गाडीच्या सेन्सरच्या आकड्यांची नोंद). ब्लूटूथ डोंगल चालेल, पण चारच गोष्टी निवडा: आरपीएम, पेडल, मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं. वीस चॅनल लावले तर सेकंदाला एक वाचन येतं आणि नेमका खड्डा निसटतो.

नोझलवाले_काका

भोसरीत माझी पंप-नोझल तपासायची बेंच आहे, सत्तावीस वर्षं झाली. आधी रोटरी पंप करायचो, आता कॉमन रेल. बाळा, २ लाख ८० हजार खिशात ठेव आणि मी सांगतो त्या क्रमाने जा. टाकीकडून सुरुवात करायची, इंजिनाकडून नाही. लोक उलटं करतात कारण नोझल दिसायला भारी असतो आणि होज पाइपचा फोटो कुणी टाकत नाही.

तुझ्या गाडीत फिल्टरवर हाताने दाबायचा प्रायमर असेल. त्याचा अर्थ टाकीत ढकलणारा पंप नाही, हाय प्रेशर पंपाच्या पोटातला छोटा फीड पंप टाकीपासून सगळं ओढून घेतो. ओढणाऱ्या लाइनचं दुखणं असं की गळती असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही, काही नाही. आयडलला कळत नाही, भरलेल्या टाकीला कळत नाही, पण चढाला डिझेल मागे सरकलेलं असतं, टाकी निम्मी असते आणि पाय पूर्ण असतो, तेव्हा नेमकी मारते.

दोन गोष्टी कर. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक डिझेल पाइप टाक, दोन्हीकडे चांगली क्लिप, आणि बघत बस. बुडबुडे दिसले की अर्धं काम झालं. दुसरं, तिथेच टी टाकून व्हॅक्यूम गेज लाव आणि पाइप लांब करून काचेपाशी आण. पूर्ण लोडला चार-पाच इंच पारा दिसला तर मी काही बोलत नाही. दहाच्या वर गेला तर फिल्टर, टाकीतली जाळी किंवा चेपलेला पाइप यापैकी कायतरी आहेच. फिल्टर कुठला टाकलायस ते पण सांग, खरं खरं सांग.

हे झाल्यावर नोझलची रिटर्न टेस्ट. चार सारख्या बाटल्या, चार नळ्या, प्रत्येक नोझलचा रिटर्न वेगळ्या बाटलीत, मूळ रिटर्न लाइन नीट बंद, पाच मिनिटं आयडल. चारही सारख्या भरल्या पाहिजेत. एक बाटली दुप्पट-तिप्पट भरली तर तो नोझल आतून सोडतोय आणि पंप बिचारा भोक पडलेली घागर भरतोय. घागरीला मोठा नळ लावून काय होणार?

मग एससीव्ही, म्हणजे पंपावरचा व्हॉल्व्ह जो ठरवतो किती डिझेल प्लंजरला (पंपातल्या दाब देणाऱ्या दांड्याला) द्यायचं. मग रेलच्या टोकाचा लिमिटर (प्रेशर फार वाढलं तर सोडून देणारा व्हॉल्व्ह), त्याच्या रिटर्नला थेंब सुद्धा येता कामा नये. आणि कुणी लिमिटरखाली वॉशर टाकून घट्ट करून देतो म्हणाला तर तिथून चालता हो. ती सेफ्टी आहे.

अजून एक. हाय प्रेशर लाइन गळतीय का हे चालू इंजिनला हात फिरवून बघायचं नाही, कधीच नाही. दीड हजार बारची धार सुईसारखी कातडीत घुसते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत बोट सडतं. पुठ्ठा धरायचा. माझ्याकडे एक पोरगा होता, त्याचं टोक गेलं. पुढचं लिहीत नाही.

वाईचा_जावई

काका, खरं सांगतो. फिल्टर ओरिजिनल नाहीये, नाना पेठेतून आणला होता, सहाशे रुपये वाचवले होते. शिव्या घाला.

नोझलवाले_काका

घातल्या असं समज. आज बदल.

डॅलसकर_देशपांडे

मी मूळचा सहकारनगरचा, आता टेक्सासमध्ये. इकडे ट्रकचं वेड म्हणजे विचारू नका, शेजाऱ्याच्या पिकअपला ६०० च्या वर घोडे आहेत आणि तो ती घेऊन दूध आणायला जातो. काकांचं टाकीकडून सुरुवात करा हे इकडे लोक महाग पडून शिकलेत. डॉजच्या १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या कमिन्स ट्रकमध्ये व्हीपी४४ नावाचा पंप होता, त्याला थंडावा आणि वंगण दोन्ही डिझेलमधूनच मिळायचं. पुढचा लिफ्ट पंप दमला की हा मागचा महागडा पंप मरायचा. लोक पंप बदलायचे, लिफ्ट पंप तोच ठेवायचे आणि परत मरायचा. म्हणून इकडे एअरडॉग, फास असले लिफ्ट पंप किट पहिल्या दिवशी लावतात आणि डॅशबोर्डवर फ्युएल प्रेशरचा काटा ठेवतात.

दुसरी गोष्ट, नवीन म्हणजे चांगलं असं पण नसतं. रॅमने (डॉजच्या ट्रकांचं आताचं नाव) २०१९ ला सीपी३ हा हाय प्रेशर पंप काढून सीपी४ लावला आणि २०२१ मध्ये २०१९-२० चे ट्रक रिकॉल करून परत सीपी३ बसवून दिला. सीपी४ आतून फुटला की धातूचा चुरा रेल, नोझल, टाकीपर्यंत सगळीकडे जातो, मग नुसता पंप बदलून भागत नाही. एक कारण डिझेलचा ओशटपणा पण म्हणतात. अमेरिकेत ओरखड्याच्या टेस्टला (ओरखडा जितका लहान तितकं डिझेल ओशट) ५२० मायक्रॉन चालतं, तिकडे बीएस ६ डिझेलला ४६० ची मर्यादा आहे, म्हणजे याबाबतीत तुमचं डिझेल आमच्यापेक्षा बरं. फक्त त्यात पावसाळ्यात पाणी मिसळू देऊ नका.

नोझलवाले_काका

देशपांडे साहेब बरोबर. पण लिफ्ट पंपाबद्दल एक, तिकडचं किट तसंच उचलून इकडे लावू नये. मोठ्या कमिन्सला जे प्रेशर चालतं ते या पंपाला नको. याचा फीड पंप ओढायला केलेला आहे, मी पाचेक पीएसआयच्या वर जात नाही. जास्त दिलं की शाफ्ट सीलवर येतं, सील गेलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं की लोक खूश होतात, गाडी ऑइल खात नाही म्हणून!

कोर्टकचेरी

विषय सोडून एक बोलतो, राग मानू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या माहितीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये मालकाला एका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इन्शुरन्सवाल्याला क्लेम नाकारायला तर निमित्तच पाहिजे असतं. टर्बो बदललाय हे लेखी कळवलंय का?

वाईचा_जावई

कळवलेलं नाही दादा. कळतंय मला. आधी चढ चढू दे.

वाईचा_जावई

अपडेट, दहा दिवसांनी.

लॉग आधीचा: ३२०० आरपीएमला मागणी १७५० बार, मिळाले १३८०. ही सुरुवात.

ओरिजिनल फिल्टर टाकला, पारदर्शक पाइप टाकला. आयडलला पाइप स्वच्छ, एकदम काचेसारखा. मित्राला गाडी दिली, मी कडेला बॉनेट उघडून उभा, त्याने ३००० ला धरून ठेवली आणि आधी एक बुडबुडा, मग दोन, मग सोडा वॉटरच. टाकीकडच्या बाजूने मागे मागे जात शोधलं. टर्बोवाल्याने जो नवीन इंटरकूलरचा अ‍ॅल्युमिनियम पाइप टाकला त्याच्या ब्रॅकेटची कड बरोबर फिल्टरच्या आधीच्या रबर होजवर टेकत होती. दीड वर्ष घासून घासून होज अर्धचंद्रासारखा खाल्लाय, बोटाने वाकवला तरच चीर दिसते. बाहेर डिझेलचा थेंब नाही, धूळ सुद्धा चिकटलेली नाही. म्हणजे पॉवर वाढवायच्या नादात टाकलेल्या पाइपनेच डिझेल तोडलं. होज १४० रुपये, क्लिपा ६० रुपये, ब्रॅकेट ग्राइंड करून घेतलं ते फुकट.

व्हॅक्यूम जुन्या फिल्टरवर पूर्ण लोडला ११ इंच होता, नव्यावर ५. रेल प्रेशर १३८० वरून १५८०. दिवा अजून येतो, पण आता अगदी वर पोचल्यावर.

कॅलिब्रेशनवाला

२०० बार २०० रुपयांत. अजून १७० राहिले. टाकी कितीवर होती टेस्टला? डिझेल हजार बारवरून मोकळं सोडलं की चाळीसेक डिग्री तापतं, आणि रेल-पंपाचं रिटर्न सगळं टाकीत येतं. टाकी पाववर असेल तर तेच गरम डिझेल फिरत राहतं, पातळ होतं, पंपात आणि नोझलमध्ये जास्त निसटतं. थंड सकाळी आणि दुपारी असे दोन लॉग काढा.

वाईचा_जावई

पाऊण टाकी, सकाळी सहा वाजता. गरम झाल्यावर अजून ४० बार कमी येतंय, तुमचं बरोबर. आज बाटल्यांची टेस्ट करतो.

वाईचा_जावई

केली. बायकोच्या चार सारख्या पाण्याच्या बाटल्या गेल्या, ते वेगळं भांडण. पाच मिनिटांनी १, २ आणि ४ नंबर जवळपास सारखे, बोटभर. ३ नंबर निम्मी बाटली! फोटो टाकायची गरजच नाही, लांबून दिसतंय.

पाषाण_पिस्टन

आणि तू चारही मोठे नोझल घ्यायला निघाला होतास. सुमोचं राहू दे मग.

नोझलवाले_काका

एकटा ३ बदलून चालेल पण ९४ हजारावर मी चारही बेंचवर लावतो, बाकीचे तीन नुसते तपासून वॉशर बदलून परत टाकायचे. तांब्याचा वॉशर जुना परत वापरायचा नाही, आणि बसायची जागा नीट साफ करायची, काजळीचा कण राहिला तर कॉम्प्रेशन गळतं आणि खाली टरटर आवाज येतो. नवीन नोझलच्या डोक्यावर जो कोड असतो तो स्कॅनरने मेंदूत घालायचा, नुसता लावून दिला तर आयडलला थरथरेल आणि तू परत मलाच फोन करशील. आण बुधवारी, सकाळी लवकर ये, इंद्रायणीनगरच्या रस्त्याला नंतर फार गर्दी होते.

वाईचा_जावई

काकांकडे जाऊन आलो. त्यांनी बेंचवर माझ्यासमोर लावला, १, २, ४ चं काचेच्या नळीत डिझेल सारखं चढतं आणि ३ लावला की रिटर्नच्या नळीत धो धो. आतला कंट्रोल व्हॉल्व्ह झिजलाय, सीटवर भिंगातून बारीक रेघ दिसते, केसाएवढी. पाणी किंवा धूळ, काका म्हणाले दोन्हीपैकी काहीही, आणि फिल्टरकडे बघून परत एकदा हसले.

आजचा लॉग: मागणी १७५०, मिळाले १७१०, दुपारी ६८०. सॉरी, १६८०. काल पूर्ण खंबाटकी चौथ्यात चढलो, दिवा नाही. एकूण खर्च २ लाख ८० हजाराच्या एक दशांशाहून कमी. आता २०० साठी मोठे नोझल लागतील का? आणि लिफ्ट पंप टाकू का नको?

कॅलिब्रेशनवाला

मोठे नोझल आत्ता नको. रिमॅपवाल्याकडून (दुसऱ्या कुणाकडून तरी) ३४०० च्या वरची मागणी थोडी उतरवून घ्या, तिथे तसाही टर्बोचा दम संपतो. एक्झॉस्टला थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) टाका, टर्बोच्या आधी, आणि लांब चढाला ७०० डिग्रीच्या वर राहू देऊ नका, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आहे. आणि क्लच ३२० एनएमचा आहे हे विसरू नका, २०० घोडे झाल्यावर पहिला तो बोलेल. डायनो केल्याशिवाय पुढचा पार्ट घेऊ नका.

नोझलवाले_काका

लिफ्ट पंप टाक, पण लहान. टाकीजवळ, खाली, चेसिसच्या आतल्या बाजूला, आणि त्याच्या आधी ३० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर, खालून काच असलेला. ओरिजिनल फिल्टर आहे तिथेच राहू दे. पावसाळ्यात आठवड्याला नळ सोडून पाणी काढायचं. वायरिंग थेट इग्निशनला देऊ नको, रिले टाक आणि ऑइल प्रेशर स्विचमधून घे. गाडी कुठे धडकली, इंजिन बंद पडलं आणि चावी चालूच राहिली तर हा पंप फाटलेल्या पाइपमधून रस्त्यावर डिझेल ओतत बसेल. स्टार्ट करताना पंप लागतो म्हणून स्टार्टरची वायर पण त्या रिलेला जोडायची, दोन डायोड लागतील, वायरिंगवाल्याला हे दाखव, त्याला कळेल. नाही कळलं तर दुसरा वायरिंगवाला बघ.

वाईचा_जावई

दाखवतो. काका, तो ३ नंबरचा जुना नोझल तुमच्याकडेच राहिलाय, सासऱ्यांना दाखवायचा होता.

नोझलवाले_काका

डब्यात नाव लिहून ठेवलाय. येताना वाईचे पेढे आण.